हिवाळ्यातला आकडा

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. राज्य जलरोग मंडळात बारा वर्षं काढली, त्यात तीन मेमो मिळाले. तिन्ही तोंडामुळे, कामामुळे एकही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती कामातलीच आहे आणि ती माझी आहे. तिचा मेमो मला कुणी दिला नाही. तो मीच लिहिला.

माझं नाव करिश्मा चाचेरे. भंडाऱ्याकडच्या मोहटोल्याची, ढिवराची, मासे धरणाऱ्याची पोर. काम मोजायचं. मासा नव्हे, माशावरचा किडा.

गोड्या पाण्यातल्या खवली नावाच्या माशाच्या अंगावर आणि परांवर एक किडा राहतो. लांबीला अर्धा मिलिमीटरही नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या मागच्या टोकाला बशीसारखा भाग असतो. त्यात दोन मोठे आकडे, भोवती सोळा बारीक. हे आकडे माशाच्या कातडीत रुतवून तो बसतो. या किड्याच्या दोन जाती आहेत. एक देशी, आमच्या तलावांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली. दुसरी परदेशी, शोभेच्या माशांबरोबर आलेली. दोघी दिसायला अगदी सारख्या. फरक फक्त आकड्याच्या लांबीत. देशीचा मोठा आकडा पन्नास ते अठ्ठावन्न मायक्रॉन, परदेशीचा चौसष्टच्या वर. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड धरा, म्हणजे आम्ही कशावरून भांडतो ते कळेल.

देशी किडा माशाला खाजवतो, एवढंच. परदेशी त्याला सोलून काढतो. २०३५ साली एका मोठ्या धरणात त्यानं दोन महिन्यांत मासा म्हणून ठेवला नाही. तेव्हापासून कायदा आहे. परदेशी सापडला की दहा-बारा दिवसांत तलावात औषध सोडायचं. कागदावर औषध, पाण्यात विष. तलावातला एकूण एक मासा मरतो, आणि बसायला मासा उरला नाही म्हणून किडाही मरतो.

आता निकाल देणार कोण? डीएनए तपासणीला राज्यात एकच प्रयोगशाळा, तिथं चाळीस दिवसांची रांग. म्हणून आमचे डॉ. डबीर यांनी यंत्र बनवलं. हुकालाही आपण आकडा म्हणतो आणि संख्येलाही आकडाच, ही गंमत मी त्यांना एकदा सांगितली होती. ते हसले नाहीत, पण यंत्राचं नाव त्यांनी 'अंकुश' ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. किड्याचा फोटो काढतं, आकड्याची चौदा मापं घेतं आणि शिकवलेल्या मापांशी ताडून पाहतं. देशी असेल तर हिरवा दिवा, परदेशी असेल तर लाल. पंचाण्णव टक्क्यांच्या वर खात्री असेल तर दुसरी तपासणी नाही, असा नियम.

आणि शिकवलेली मापं कुणाची? माझी. वीस तलावांतले अकराशे देशी किडे मी हातानं मोजले, दोन वर्षं डोळे फोडून. परदेशीची मापं बाहेरच्या पुस्तकांतून आयती मिळाली. अंकुशाला देशी म्हणजे काय हे मी सांगितलं. भारी अभिमान होता मला त्याचा.

२०४१च्या जानेवारीत, नऊ तारखेला, मी सावरबोडीच्या तलावावर होते. तिथं माझी मोठी बहीण दुर्गा दिलेली आहे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई तिथल्या मच्छीमार बायकांच्या संस्थेची अध्यक्ष. तिनंच जाळं टाकून मासे काढून दिले होते, आणि मी अंकुश मांडीवर घेऊन पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसले होते.

"का निंगालं?" तिनं विचारलं.

"लाल."

"पुन्हा पाह्य."

"तीनदा पाहिलं बाई. शहाण्णव टक्के."

संस्थेच्या चाळीस बायका मागे उभ्या होत्या. त्यांना पुढचं माहीत होतं. आदल्या वर्षी, याच महिन्यात, मोहटोल्याच्या तलावावर मीच लाल निकाल दिला होता. मोहटोला म्हणजे आमचं माहेर. चार दिवस मेलेले मासे पाळीला लागत होते. माय तेव्हापासून लोकांच्या शेतात मजुरीला जाते. गावानं मला फाडून खाल्लं असतं, पण बाई मध्ये उभी राहिली होती. माझी बहीण खोटं नाई बोलत, तिनं सांगतलं म्हंजे किडा आहे, असं ती सगळ्यांना ठणकावून म्हणाली होती.

"मंग जहर टाकतीन," बाई म्हणाली.

"वीस तारखेला."

ती माझ्या शेजारी बसली. जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढत राहिली. मग म्हणाली, "एक सांग, करू. हा तुमचा परदेशी दर खेपेला थंडीतच काहून सापडते? उन्हाळ्यात का मामाच्या गावाले जाते?"

बायका हसल्या. मला आला राग. "बाई, तुला कळत नाही त्यात बोलू नको," असं मी चाळीस जणींसमोर म्हटलं. तिनं मान हलवली आणि उठून गेली. मी मोटरसायकल काढली आणि नागपूरचा रस्ता धरला.

वीस किलोमीटर गेले असेन. तो प्रश्न काही डोक्यातून निघेना. एका टपरीवर थांबले, चहा सांगितला आणि मोबाइलवर मंडळाची यादी उघडली. अंकुश आल्यापासून, सावरबोडीच्या आधी, सात तलाव लाल निघाले होते. तारखा वाचल्या. अठरा डिसेंबर. दोन जानेवारी. सहा जानेवारी. मोहटोला, अकरा जानेवारी. सगळ्यात उशिराची तारीख नऊ फेब्रुवारी. उन्हाळ्यातला एक नाही, पावसाळ्यातला एक नाही.

मग मी माझी अकराशे किड्यांची जुनी नोंद उघडली. प्रत्येक किड्यासमोर तारीख होती. मार्च, एप्रिल, मे. एप्रिल, मे. मे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

चहा तसाच राहिला. नोंदीत नुसता उन्हाळाच का, ते कुणी मला सांगायची गरज नव्हती. आमचे मालगुजारी तलाव, जुन्या जमीनदारांनी बांधलेले, हिवाळ्यात गळ्याइतके भरलेले असतात. त्या गार पाण्यात जाळं ओढायचं म्हणजे हाडं गोठतात. उन्हाळ्यात तलाव उतरतो, मासा मधल्या डबक्यात गोळा होतो, दोन ओढींत काम होतं. ढिवराच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दुसरा कुणी शहरातला शास्त्रज्ञ असता तर त्यानं पुस्तकात पाहून बाराही महिने नमुने घेतले असते. मी ढिवरीण, मी हुशार, मी सोपा मासा धरला. अंकुशाला मी फक्त उन्हाळ्यातला किडा दाखवला होता. हिवाळ्यातला देशी किडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

नागपूरला मंडळात पोचले तेव्हा डॉ. डबीर त्यांच्या खोलीतच होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही मला. बारा वर्षांपूर्वी मुलाखतीत बाकीचे माझ्या बोलीला हसत होते, तेव्हा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि म्हणाले, बोलू नकोस, मोज. मी मोजलं आणि नोकरी लागली.

"सर, थंड पाण्यात आकडा लांब होतो का?"

त्यांनी चष्मा काढला. "थंड देशांतल्या काही जातींत तशी नोंद आहे. पाणी गार असेल तर आकडा लांब घडतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तिकडे पाणी चार-पाच अंशांवर जातं. आपल्याकडे थंडी असते कुठे?"

"सावरबोडीचं पाणी आज सतरा होतं. मे महिन्यात एकतीस असतं."

"चौदा अंशांनी जात बदलत नाही, करिश्मा."

"जात बदलत नाही सर, तेच तर म्हणते आहे! माप बदलतं!"

आवाज चढला होता. बाहेरच्या कारकुनानं डोकावून पाहिलं. डबीर सर शांतपणे म्हणाले, "पुढच्या महिन्यात तीन राज्यं अंकुश घेणार आहेत. तू मला एक शंका सांगते आहेस. शंकेवर आदेश थांबत नाही. सिद्ध कर."

"किती दिवसांत?"

"आदेश वीस तारखेचा आहे."

"करते," मी म्हटलं आणि रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून निघाले.

सिद्ध कसं करायचं ते मला किड्यानंच शिकवलं होतं. हा किडा अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतो. आणि नवल असं की आईच्या पोटात लेक असते, तेव्हा त्या लेकीच्या पोटात नात आधीच तयार होत असते. एकात एक, एकात एक. आकडा घडतो तो पोटातच, एकदाच. जन्मल्यावर तो वाढत नाही की आखडत नाही. ज्या पाण्यात तो घडला त्या पाण्याची थंडी-ऊब त्याच्या लांबीत कायमची उतरते. म्हणजे सावरबोडीच्या गार पाण्यातले लांब आकड्यांचे किडे घ्यायचे, कोमट पाण्यात ठेवायचे आणि त्यांच्या नाती-पणतींचा आकडा मोजायचा. ऊन पाण्यात दोन-तीन दिवसांत एक पिढी होते. किडा खरंच परदेशी असेल तर पणतीचा आकडाही लांबच निघेल. देशी असेल तर आखूड.

बाईच्या संस्थेच्या बर्फाच्या खोलीत मी दोन टाक्या मांडल्या. एकीत तलावाचं पाणी, सतरा अंशांवर राखलेलं. दुसरीत तेच पाणी, पण हळूहळू तापवून एकतीसवर नेलेलं. दोन्हींत एकाच जाळ्यातल्या खवल्या, पंचवीस-पंचवीस. माझ्याकडचा अंकुश शेजारी.

बाई दारात उभी राहून पाहत होती. परवाचं बोलणं मी विसरले नव्हते, तीही नव्हती.

"तू विचारलं ते बरोबर होतं," मी म्हटलं.

"मले काही कळत नाई ना त्यातलं," ती म्हणाली आणि गरम टाकीवर झाकायला पोतं आणून दिलं.

चौथ्या दिवशी गरम टाकीतल्या माशांच्या परांचे तुकडे कापून पाहिले. दहा किडे, दहाही लाल. वाटलं, चुकले मी. मग स्वतःलाच शिव्या दिल्या, कारण या लेकी तर टाकी तापायच्या आधीच पोटात घडलेल्या होत्या. सहाव्या दिवशी तीन मासे मेले. बाईनं ते काढून टाकले. सातव्या दिवशी पहिला हिरवा दिवा लागला. मी इतकी जोरात ओरडले की बाहेर जाळी विणणाऱ्या बायका धावत आल्या. नवव्या दिवशी विसांतले अठरा हिरवे. गार टाकीत वीसच्या वीस लाल. एकच तलाव, एकच जाळं, एकच किडा.

"म्हंजे आजी परदेशी अन् नात देशी?" बाईनं विचारलं.

"यंत्राच्या मते."

"येडं-बयाड आहे तुमचं यंत्र," ती म्हणाली आणि पहिल्यांदा खदखदून हसली. मी नाही हसले. कारण तिला अजून सुचलं नव्हतं ते मला सातव्या दिवशीच सुचलं होतं. सावरबोडीचा किडा देशी असेल, तर मोहटोल्याचाही देशीच होता. मी तिला सांगायला हवं होतं. नऊ दिवस ती माझ्याबरोबर बसली होती आणि माझ्यानं सांगवलं नाही. नेहमी फटाफट चालणारं माझं तोंड त्याच वेळी बंद पडलं.

वीस तारखेला सकाळी दहाला टँकर आला. मागून मंडळाची जीप. त्यातून निरीक्षक कुकडे उतरले आणि त्यांच्यामागे डबीर सर. ते स्वतः येतील असं मला वाटलं नव्हतं.

मी टाक्या पाळीवर आणून ठेवल्या होत्या. "तुमचा अंकुश काढा," मी कुकडेसाहेबांना म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या यंत्रानं, तुमच्या हातानं मोजा."

कुकड्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. तासभर लागला. गार टाकी, वीस किडे, सगळे लाल. गरम टाकी, वीस किडे, एकोणीस हिरवे. सर प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहत होते. शेवटचा पाहून झाल्यावर त्यांनी मला बाजूला, बाभळीखाली नेलं.

"तू बरोबर आहेस," ते म्हणाले.

इतकी मोकळी झाले मी, की डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या गुरूनं म्हटलं ना, झालं.

"आदेश मी आत्ता मागे घेतो. अंकुशात हंगामाची दुरुस्तीही करून घेऊ, आतल्या आत. तू फक्त यावर सही कर." त्यांनी एक कागद पुढे केला.

मी वाचला. लिहिलं होतं की सावरबोडीचा नमुना घेताना स्थानिक मच्छीमार महिलांनी बाहेरच्या माशांची सरमिसळ केल्यामुळे पहिला निकाल सदोष आला.

"हे खोटं आहे."

"एक ओळ आहे. त्या ओळीनं तलाव वाचतो, अंकुशही वाचतो. ज्या दिवशी खरा परदेशी किडा येईल, त्या दिवशी हे यंत्र लागणार आहे की नाही? आज त्याच्यावरचा विश्वास गेला तर धरणं रिकामी होतील."

ते खोटारडे नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं. म्हणूनच जास्त चीड आली.

"आणि आधीचे सात?"

ते तलावाकडे पाहत राहिले. "ते परत येणार आहेत का?"

मी तो कागद घेऊन बायकांसमोर गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वाचून झाल्यावर एवढा कल्ला झाला की टँकरवाला खाली उतरून उभा राहिला.

"थांबा," मी म्हटलं. "अजून आहे. सरमिसळ तुम्ही नाही केली. चूक माझी आहे. या यंत्राला मी फक्त उन्हाळ्यातले किडे दाखवले, कारण तेव्हा मासा सोपा मिळतो. त्यामुळे ते हिवाळ्यातल्या आपल्याच किड्याला परदेशी म्हणतं. सात तलावांना त्यानं परदेशी म्हटलं. सातही ठिकाणी विष पडलं. त्यांतला एक मोहटोला."

बाई माझ्यापासून चार हातांवर उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. पाहायलाच हवं होतं.

"मोहटोल्याच्या तलावात काहीही नव्हतं, बाई. त्याला मी मारलं."

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही मला मारणार, आणि मारलेलं बरं. त्याऐवजी तिनं लुगडं खोचलं आणि माझ्याकडे पाठ केली.

कुकडेसाहेबांनी घसा साफ केला. "सही नसेल तर आदेश कायम आहे. मला टँकर रिकामा करावाच लागेल."

"कर ना," बाई म्हणाली आणि पाण्यात उतरली. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं पाणी. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. चाळीसही जणी. सतरा अंशांच्या पाण्यात, छातीपर्यंत. "माणूस पान्यात असताना जहर टाकता येत नाई, हे तुमच्याच पाटीवर लिवलं आहे. वाच!"

पाटी खरंच होती, टँकरच्या अंगावर. कुकड्यांनी ती वाचली.

मी काठावर उभी. उतरावं तर कुठल्या तोंडानं उतरावं? बाईनं वळून पाहिलं आणि ओरडली, "तुले का निमंत्रण द्यावं लागते? मोहटोल्याचं मंग पाहीन मी तुह्याकडे. आता ये पान्यात!"

मी उतरले. थंडीनं श्वासच अडकला. या थंडीला भिऊन मी दोन वर्षं हिवाळ्यातला एक मासा धरला नव्हता, आणि आता दुपारी चार वाजेपर्यंत तिच्यात उभी होते. दात वाजत होते. शेजारची एक म्हातारी मला धरून होती आणि मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. डबीर सर तेवढा वेळ जीपमध्ये बसून होते. चारला ते उतरले, कुकड्यांना काही म्हणाले आणि टँकर वळला. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

त्याच संध्याकाळी मी माझा मेमो लिहिला. चूक काय, कुणाची, कोणते सात तलाव, सगळं नावानिशी. मंडळाला पाठवला, सातही ग्रामपंचायतींना पाठवला. तिसऱ्या दिवशी माझं निलंबन आलं. त्याच पत्रात सावरबोडीचा आदेश स्थगित असल्याची एक ओळही होती.

बाई पत्र ऐकून म्हणाली, "जे इथं बोलली ते मोहटोल्यात जाऊन बोलाचं. मायसमोर. अन् रिकाम्या हातानं नाई जाचं."

तिनं टेम्पोत ताडपत्रीची टाकी केली. संस्थेच्या बायकांनी तलावातल्या खवल्या, मरळ, शिंगटी, जोडीनं निवडून त्यात सोडल्या. अंकुशाच्या हिरव्या दिव्याशिवाय जिवंत मासा एका तलावातून दुसऱ्यात न्यायला बंदी आहे. आम्ही तो भरदिवसा, हमरस्त्यानं नेला. मी आणि बाई मागे टाकी धरून बसलो होतो. गचके बसले की पाणी अंगावर येत होतं.

नाक्यावर मंडळाच्या माणसानं गाडी अडवली. मला ओळखलं, ओशाळला. एक खवली काढून पराचा तुकडा अंकुशात घातला. लाल.

"मॅडम, लाल आहे."

"असणारच. जानेवारी आहे."

"मग मला सोडता येत नाही."

"लिहून घे. मासे सावरबोडीचे, किडे देशी, मोजणारी करिश्मा चाचेरे."

"तुम्ही तर निलंबित आहात ना?"

"म्हणून तर आज मला वेळ आहे," मी म्हटलं. "यंत्राला मोजायला मी शिकवलं, चुकीचं शिकवलं. लाल दिवा लागला हेही लिही. काही लपवू नकोस. आणि काय करायचं ते माझ्यावर कर, गाडी अडवू नकोस."

तो लिहायला लागला. बाईनं केबिनवर थाप मारली आणि टेम्पो निघाला.

मोहटोल्याच्या पाळीवर अर्धा गाव जमला होता. मेमो सगळ्यांनी वाचला होता. पण मला तो तोंडानं सांगायचा होता, आणि मी सांगितला. तलाव माझ्या चुकीनं मेला, त्यात परदेशी काही नव्हतं, तुम्ही मला शिव्या दिल्यात त्या बरोबर होत्या. कुणी शिवी दिली नाही. ते जास्त जड गेलं. माय पुढे आली. तिच्या हातांना वर्षभराच्या विळ्याचे घट्टे पडले होते. ती माझ्याजवळून तशीच पुढे गेली, टेम्पोशी थांबली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक खवली ओंजळीत घेऊन बराच वेळ पाहत राहिली.

"यायच्यावर किडे आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत, माय."

"आपलेच?"

"आपलेच."

"मंग सोड," ती म्हणाली.

मी ताडपत्रीची गाठ सोडली.